धाकू तोलाराचं वजन

बाळकुमच्या मिठागरावर मिठाचा तोल सुरू व्हायचा तो धाकू तोलारापासून, आणि हे अगदी शब्दशः खरं होतं. माघात मिठाच्या पहिल्या राशी तयार झाल्या की तीन ओंडक्यांच्या तिवईला मोठा तराजू टांगायचा, एका पारड्यात सरकारी छापाची लोखंडी वजनं ठेवायची आणि दुसऱ्या पारड्यात धाकूने मांडी घालून बसायचं. धाकू भरायचा एक मण तीस शेर. चाळीस शेरांचा मण आणि वर तीस. गेली चौदा वर्षं त्यात अर्ध्या शेराचा फरक पडला नव्हता. तराजू बरोबर आहे की नाही हे बघायला धाकूसारखं दुसरं माप नाही, असं मिठागरावरचे सगळेच म्हणत.

अठराशे अठ्ठ्याऐंशी साली धाकू पारड्यात बसला आणि बसल्याबसल्या वर गेला.

त्याचा मेहुणा गुणाजी हाही तोलारच होता. त्याने वजनं एकेक करून उतरवली. एक मण बावीस शेरांवर काटा सरळ उभा राहिला.

"तराजू बिघडला," गुणाजी म्हणाला.

सगळ्यांना ते पटलं. मीठ खात्याचे कारकून होते, त्यांना लहानथोर सगळे भाऊ म्हणत. ते नियमाचे पक्के. त्यांनी तोल थांबवला, ठाण्याच्या कचेरीतून तपासणीची वजनं मागवली आणि दुसऱ्या दिवशी उन्हात उभं राहून तराजू दोन्ही बाजूंनी ताडून पाहिला. तराजूत गुंजेचाही दोष नव्हता.

"धाकू," भाऊ चष्मा पुसत म्हणाले, "तराजू ठीक आहे. बिघडला आहेस तो तू."

लोक हसले. धाकूही हसला, पण तोंड न उघडता. त्याची बायको आवडाबाई डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बांधावर उभी होती. तिने ते हसणं पाहिलं आणि पाटी तिथेच खाली ठेवली. गेले दोन महिने नवरा ताटात मान घालून जेवतो, एका बाजूने चावतो आणि घरचं मांजर मात्र गुटगुटीत होत चाललंय, या सगळ्या गोष्टी तिला एकदम एका ओळीत दिसल्या.

घरी आल्यावर तिने त्याला दारात उजेडाकडे तोंड करून बसवलं. "आ करा."

"काय नाय गं. दात घासलाय गालाला."

"आ करा म्हनते ना."

डाव्या गालाच्या आत, जिथे धाकू रोज तंबाखू आणि चुन्याची गोळी धरायचा, तिथे सुपारीएवढी खरखरीत गाठ होती आणि तिच्या मधोमध जखम. आवडाबाईने त्याच्या कनवटीची तंबाखूची चंची काढली आणि ती खाडीत फेकून आली.

दुसऱ्या दिवशी दोघं वाटेतल्या खोपट गावावरून चालत ठाण्याला गेली. तिथे प्रभाकर डॉक्टर म्हणून एक गृहस्थ होते. मुंबईला शिकून आलेले, वयाने तिशीचे, आणि नव्या यंत्रांची भारी हौस असलेले. त्यांनी आरशाने उजेड पाडून गाल बघितला, बोटाने चाचपला, गळ्याखाली दाबून पाहिलं.

"याला कर्करोग म्हणतात," ते म्हणाले. "कर्क म्हणजे खेकडा. मांसात नांग्या रोवून बसतो."

"चिंबोरीच कं," धाकू म्हणाला. "तिला तं आमी खातो."

डॉक्टरांना हसू आलं. "इथे ती तुला खाते आहे. पण अजून गळ्यात उतरलेली नाही, म्हणून मी प्रयत्न करीन." त्यांनी टेबलावरच्या चिनीमातीच्या बरण्या दाखवल्या. बरण्यांत तेजाब होतं आणि त्यांतून निघालेल्या तारेचं टोक विजेने लाल व्हायचं. "या तारेने गाठ जाळायची. एकदम नाही, थोडी थोडी. दर आठवड्याला एकदा, असे आठ वेळा. जागा बधिर करायचं नवं औषध आहे माझ्याकडे, त्यामुळे जाळताना फार दुखणार नाही. नंतर दुखेल. तोंड सोलून निघेल, चव जाईल, गिळवणार नाही. आणि तरीही जेवावं लागेल."

"जेवनाचा काय," धाकू म्हणाला.

"तेच सगळ्यात अवघड आहे. मी जाळलेलं भरून यायला अंगात काही हवं ना? आज तू किती भरतोस ते सांग."

ठाण्यात दुसऱ्या कुठल्याही रोग्याला हे सांगता आलं नसतं. धाकूने शेरापर्यंत सांगितलं, सरकारी तपासणीसकट. डॉक्टर खूश झाले. त्यांनी ठरवून टाकलं, की दर आठवड्याला मिठागरावर वजन करायचं, भाऊ कारकुनांनी चिठ्ठी द्यायची आणि ती घेऊन धाकूने यायचं. "दीड मणाच्या खाली गेलास तर मी तार लावणार नाही. लक्षात ठेव."

तारेचा पहिला डाग सोपा गेला. तिसऱ्या दिवसापासून मात्र धाकूच्या तोंडात जणू निखारा ठेवला होता. भाताचं शीत काट्यासारखं टोचायचं, आमटीने डोळ्यांत पाणी यायचं, आणि नुसतं पाणीही राख कालवल्यासारखं लागायचं. शेजारच्या बायजाने सुक्या बोंबलांची लालभडक चटणी आणून दिली. "यानं तोंड सुटंल," ती म्हणाली. धाकूने मानाखातर कण जिभेवर ठेवला आणि अंगणात तीन फेऱ्या मारल्या.

वजन दुसऱ्या आठवड्यात दीड मणावर एक शेर होतं. तिसऱ्या आठवड्यातही एक शेर. चौथ्यातही तेवढंच. भाऊ चिठ्ठी लिहीत, डॉक्टर मान डोलवत आणि तार लाल होई.

आवडाबाई मात्र घरातलं मडकं बघत होती. सकाळी घातलेली पेज संध्याकाळी तेवढीच असायची. नवऱ्याच्या बरगड्या ती अंधारातही मोजू शकली असती. मडक्यातलं कमी होत नाही आणि माणूस उतरत नाही, हे गणित तिला जुळेना. पण तराजू सरकारी, वजनं सरकारी, चिठ्ठी भाऊंची. बोलायचं कुणाला?

उत्तर तिच्या भावानेच आणून दिलं. एका सकाळी गुणाजी खाडीवर पाग टाकायला गेला. पाग म्हणजे फेकायचं गोल जाळं, त्याच्या काठाला शिशाचे मणी ओवलेले असतात, म्हणून ते झपकन तळाला जातं. गुणाजीने झोकात फेकलं, आणि जाळ्याची एक बाजू बुडाली, दुसरी पाण्यावर पसरून राहिली. बोय मासे तिच्याखालून आरामात निघून गेले. गुणाजी शिव्या घालत बहिणीच्या दारात आला.

"कुनी तरी माझ्या पागाचा शिसा कापून नेलाय. अर्ध्या काठाचा. मासे चोरनारे पाह्यले, जाळी चोरनारे पाह्यले. नुसता शिसा कोन चोरतो?"

आवडाबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपात थांबला. "मना ठाव हाय," ती म्हणाली. "तू परवा वजनाला ये."

परवाचा दिवस तोलाचा होता. बांधावर पाच-पन्नास माणसं होती. धाकू नेहमीसारखा सावकाश आला, पारड्याची साखळी धरली आणि बसायला वाकला. तेवढ्यात आवडाबाई पुढे झाली.

"अवो, कंबर सैल करा."

"काय?"

"धोतराची गाठ सोडा. हितंच."

धाकूने तिच्याकडे पाहिलं, मग गुणाजीकडे, मग भाऊंकडे. त्याचा चेहरा असा झाला की आवडाबाईला क्षणभर वाटलं, आपण हे घरीच करायला हवं होतं. त्याने कंबरेला हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेली एक लांबट वळकटी काढून जमिनीवर ठेवली. शिसं मातीला टेकलं तेव्हा आवाजही झाला नाही. मग तो पारड्यात बसला. एक मण पंधरा शेर.

तीस वर्षं या माणसाने मीठ तोललं होतं. व्यापाऱ्याकडे झुकला नाही, सरकारकडे झुकला नाही. उन्हात तापलेल्या पारड्याला ओला हात लागला तरी तो पारडं पुसून पुन्हा तोलायचा. बांधावर कुणी हसलं नाही. भाऊंनी लिहायला घेतलेली चिठ्ठी फाडली आणि ते दुसरीकडे बघत उभे राहिले.

"डॉक्टर थांबला तं मी मेलो," धाकू खाली बघून म्हणाला. दुखऱ्या तोंडाने शब्द जाड येत होते. "खाल्ला जात नाय, आवडे. कितीबी सांग. नाय जात."

आवडाबाईने शिशाचं फडकं उचललं आणि भावाच्या हातात दिलं. "शिसा पचत नाय, अवो," ती म्हणाली. "पचंल असा काय तरी बघू आपन."

ठाण्याला जाऊन धाकूने स्वतःच सगळं सांगितलं. डॉक्टर रागावतील असं त्याला वाटलं होतं. ते खुर्चीत मागे टेकले.

"चूक माझीही आहे," ते म्हणाले. "मी तुला आकडा दिला आणि भीती घातली. खायचं कसं ते शिकवलंच नाही. पण धाकू, तू भरलेला आहेस असं समजून मी तार जास्त वेळ धरत होतो. रिकाम्या अंगावर तेवढं सोसत नाही. आता दोन आठवडे तार नाही."

"तोवर ती वाढंल," धाकू म्हणाला.

"वाढेल थोडी. तूही वाढ." मग ते आवडाबाईकडे वळले. "बाई, दूध, अंडी, तूप. मिरची नाही, मीठ नाही, आंबट नाही. काहीही द्या, पण कोमट आणि पातळ. आणि दोन वेळा ताटभर नाही, आठ वेळा वाटीभर. त्याने नको म्हटलं तरी वेळ चुकवू नका."

परतताना खोपटला एका गवळ्याच्या गोठ्याशी आवडाबाई थांबली. तिथून रोज दोन शेर म्हशीचं दूध बांधलं. धाकू गोठ्याच्या सावलीत बसून होता.

"मीठ नाय म्हनला," तो स्वतःशीच म्हणाला. "तोलाराला."

दुसऱ्या दिवसापासून आवडाबाईने पाटी उचलणं बंद केलं. घराच्या जोत्यावर तिने कोळशाने आठ रेघा ओढल्या. दाराच्या खांबाची सावली ज्या रेघेवर येई त्या रेघेला एक वाटी. पहिल्या रेघेला भाताची पेज, गाळून, वर तुपाची धार. दुसरीला कोमट दुधात फेटलेलं अंडं आणि गूळ. तिसरीला निवट्यांचं पाणी. निवटे म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारे मासे, बाळंतिणीला आणि आजाऱ्याला देतात. ते तिने नुसत्या हळदीत उकळून फडक्याने पिळून घेतले. चौथीला नाचणीची आंबील, पण न आंबवलेली. अशा आठ.

पहिल्या दिवशी धाकूने तीन वाट्या घेतल्या आणि चौथीला तोंड फिरवलं.

"राख हाय."

"राख नाय. पेज हाय."

"तुना पेज हाय. मना राख हाय."

आवडाबाईला रडू आलं असतं, पण सावली पाचव्या रेघेकडे सरकत होती. तिने वाटीतला एक घोट स्वतः घेतला. जिभेवर घोळवला.

"तांदूळ नवा हाय," ती विचार करत म्हणाली. "तूप जरासा खमंग लागतंय, मी कढवताना थोडा लाल केलाय. मागून गोड येतो. आता तुमी गिला. चव मी सांगितली, तुमी फकस्त गिला."

ही बाई वेडी झाली का, अशा नजरेने धाकूने तिच्याकडे पाहिलं. पण त्याने घोट घेतला आणि गिळला.

तेव्हापासून तेच चालू झालं. एक घोट ती घ्यायची, सांगायची. एक घोट तो घ्यायचा. तिला सांगणं जमत गेलं. निवट्याचं पाणी तिने "भरतीच्या वक्ताला वारा येतो तसा" लागतंय असं सांगितलं, तेव्हा धाकूच्या तोंडाचा जो कोपरा हलत होता तो हलला. कधी ती खोटंही सांगायची. गुळाच्या दुधात केशर आहे म्हणायची. धाकूला ते कळायचं, कारण घरात केशर कधी आलंच नव्हतं. पण तो वाटी संपवायचा. बायजा संध्याकाळी हे बघायला येऊन बसायला लागली, आणि मग तिला भूक लागून घरी जायची.

पहिल्या आठवड्यात काटा एक मण पंधरा शेरांवरच राहिला. धाकूची मान खाली गेली. पण डॉक्टरांनी चिठ्ठी वाचून त्याची पाठ थोपटली.

"उतार थांबला. हेच मोठं काम. आता चढेल."

दुसऱ्या आठवड्यात सोळा. तिसऱ्यात सतराला अर्धा शेर कमी. दीड मणाची अट सोडून डॉक्टरांनी पुन्हा तार तापवली, या वेळी थोडा वेळ, आणि दोन डागांत दहा दिवस ठेवून. तोंड पुन्हा सोललं. पण वाट्या थांबल्या नाहीत. डाग दिल्याच्या दिवशीही नाही. परतीच्या वाटेवर गोठ्याशी बसून दुधाची वाटी, एक घोट ती, एक घोट तो.

चैत्राच्या शेवटी एक गंमत झाली. धाकू पारड्यातून उतरला तेव्हा गुणाजीने सहज बहिणीला म्हटलं, "आता तू बस. बघू."

"मी कशाला?"

"बस गं."

भाऊंनीही चष्मा नीट केला. आवडाबाई संकोचाने पदर आवरून बसली. ती भरली एक मण एकोणतीस शेर. मागे कधी तरी बायजाबरोबर गमतीने बसली होती तेव्हा ती दीड मणालाही शेरभर कमी होती. गुणाजीने वजनं पुन्हा मोजली. मग त्याला हसू आवरेना. बांधावरच्या बायकाही हसायला लागल्या. दिवसाला आठ वेळा, अर्धी अर्धी वाटी, तुपासकट; नवरा शेराने चढत होता आणि ती त्याच्या दुप्पट.

आवडाबाई लाजेने लाल झाली. धाकू पारड्याजवळ उभा होता. त्याने तिला हात देऊन उतरवलं.

"मीठ मी तोलत आलो," तो म्हणाला, "पन मिठाला जागली ही."

आठवा डाग वैशाखात झाला. डॉक्टरांनी आरसा धरून बराच वेळ पाहिलं, गळा चाचपला, पुन्हा पाहिलं, आणि बरण्यांवर कापड घातलं. गाठ गेली होती. तिच्या जागी गालात आत एक घट्ट वळ उरला. त्यामुळे धाकूचं तोंड तिरकं उघडायचं आणि आवाज पहिल्यासारखा मोकळा निघायचा नाही. मोजणी ओरडायचं काम गुणाजीकडे गेलं आणि धाकू वजनं लावायला बसू लागला. तंबाखूला त्याने पुन्हा हात लावला नाही. चव हळूहळू आली. आधी गोड, मग महिनाभराने आंबट, तिखट सगळ्यात शेवटी. पावसाळ्यानंतर तो एक मण सव्वीस शेर झाला आणि पुढे तेरा वर्षं बहुतेक तेवढाच राहिला.

त्याच वर्षी मार्गशीर्षात डॉक्टरांचा निरोप आला. कल्याणला एका ब्राह्मण घरी गोदूबाई नावाच्या विधवा बाई होत्या. त्यांची गाठ जिभेखाली होती आणि फार खोल गेली होती. तार लावण्यात अर्थ नव्हता. पण बाई काहीच खात नव्हत्या, आणि घरचे हवालदिल झाले होते. बाळकुमच्या बाईंना एकदा पाठवता येईल का?

धाकूने गुणाजीची होडी घेतली आणि भरतीबरोबर दोघं खाडीने कल्याणला गेली. आवडाबाईला त्या घरात स्वयंपाकघरापर्यंत जाता येणार नव्हतं, तिच्या हातचं तिथे चालणारही नव्हतं. ती ओट्यावर बसली. आत, दाराशी खाट ओढून गोदूबाईंना निजवलं होतं. सून, सुमती नाव तिचं, हातात पेजेची वाटी घेऊन उभी होती.

"घेतच नाहीत हो," सुमती म्हणाली. "सगळं करून पाहिलं."

"तुमी जेवलात कं?" आवडाबाईने विचारलं.

सुमती गोंधळली. "मी? नाही. या जेवल्याशिवाय मला कसं..."

"तिथंच चुकतंय. बसा. आधी तुमी एक घोट घ्या, आनि आईंना सांगा कसा लागतोय. खरा सांगा. बिघडला असंल तं तसा सांगा."

सुमतीने सासूकडे पाहिलं. सासूसमोर, तिच्या आधी, तिच्याच वाटीतून घ्यायचं म्हणजे फारच झालं. पण खाटेवरून गोदूबाई बघत होत्या, त्यांच्या डोळ्यांत बऱ्याच दिवसांनी काहीतरी हललं होतं. सुमतीने घोट घेतला.

"थोडी करपली आहे," ती हळूच म्हणाली.

गोदूबाईंनी हात पुढे केला.

त्या पुढे चार महिने जगल्या. रोग थांबला नाही, पण त्या उपाशी गेल्या नाहीत, आणि सून रोज त्यांच्याशेजारी बसून खात होती, हे प्रभाकर डॉक्टर नंतर पुष्कळांना सांगत. त्या दिवशी मात्र आवडाबाई दोन तास ओट्यावर बसून तीन वाट्या जाताना बघून उठली. धाकू घाटावर होडीत वाट बघत होता. ओहोटी लागली होती.

"घेतला कं?" त्याने विचारलं.

"घेतला."

त्याने तिला हात देऊन होडीत घेतलं, वल्हं टेकवून होडी पाण्यात लोटली, आणि ओहोटीच्या पाण्याने दोघांना फार न वल्हवता घराकडे नेलं.